रस्ता कोणाचा? यंत्राचा की पायी चालणाऱ्याचा?

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील अॅरिझोना राज्याच्या टेम्पी शहरात ४९ वर्षांची एक स्त्री हाताने सायकल ढकलत रस्ता ओलांडत होती. तिला राहायला घर नव्हते, हे वर्तमानपत्रांनी नंतर छापले. उबर कंपनीची चाचणीची गाडी ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेगाने आली. स्टिअरिंगसमोर कंपनीची एक कर्मचारी बसली होती, पण गाडी चालवत होते यंत्र. धडक बसली आणि त्या स्त्रीचा जीव गेला. विनाचालक चाचणीच्या गाडीने ठार झालेली ती पहिली पादचारी.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचा जो निष्कर्ष २०१९ मध्ये मांडला, तो प्रत्येक वकिलाने आणि प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच यंत्राला ती दिसली होती. यंत्र तिला कधी वाहन समजले, कधी सायकल, तर कधी नुसतीच 'इतर वस्तू'. पायी चालणारा माणूस म्हणून मात्र त्याने तिला एकदाही ओळखले नाही. झेब्रा क्रॉसिंग सोडून मध्येच कोणी रस्ता ओलांडू शकतो, हा विचारच त्या प्रणालीत घातलेला नव्हता. मूळ गाडीला कारखान्यातून आलेली, आपोआप ब्रेक लावणारी सोय होती. यंत्र गाडी चालवत असताना ती बंद राहील, अशी तजवीज खुद्द कंपनीनेच करून ठेवली होती.

दिसते, पण माणूस म्हणून गणले जात नाही! हे काय असते, ते आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

ही दृष्टी यंत्राने माणसांकडूनच घेतली. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही रस्ता सर्वांचा होता. त्यावर मुले खेळत, फेरीवाले उभे राहत, माणसे हवी तिथून रस्ता ओलांडत. मोटारी वाढल्या आणि माणसे चिरडली जाऊ लागली, तेव्हा लोकांचा राग मोटारींवर होता. मग मोटारधंद्याने आणि मोटार क्लबांनी जोरदार प्रचार करून दोष पादचाऱ्याच्या माथी मारला. त्याच्यासाठी 'जेवॉकर' हा शब्द रूढ केला गेला. यातील 'जे' म्हणजे गावंढळ, शहरात कसे चालावे याची अक्कल नसलेला. १९२५ मध्ये लॉस एंजेलिस शहराने पादचाऱ्यांना जखडणारा वाहतूक नियम केला आणि इतर शहरांनी त्याचा कित्ता गिरवला. आधी शिवी आली, मग कायदा आला आणि पुढे तोच कायदा यंत्राच्या डोक्यात भरला गेला.

म्हणूनच सामान्य अमेरिकन माणसाला या गाड्यांबद्दल जी भीती वाटते, तिला आम्ही अडाणीपणा म्हणत नाही. प्यू संशोधन केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत, विनाचालक गाड्या सर्रास झाल्या तर समाजाचे वाईट होईल असे ४४ टक्के लोकांनी सांगितले. भले होईल म्हणणारे २६ टक्केच होते. 'ट्रिपल ए' या मोटारचालकांच्या संघटनेच्या २०२५ च्या पाहणीत अशा गाडीत बसण्याचा भरवसा वाटतो असे म्हणणारे चालक अवघे १३ टक्के निघाले. दहांपैकी सहा जणांनी भीती वाटते असे सांगितले. अॅरिझोनातीलच चँडलर शहरात लोकांनी वेमो कंपनीच्या गाड्यांवर दगड मारले, त्यांचे टायर कापले. सॅन फ्रान्सिस्कोत २०२३ मध्ये काही तरुणांनी या गाड्यांच्या बॉनेटवर रस्त्यावरचे नारिंगी शंकू ठेवले आणि गाड्या जागच्या जागी थिजल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच शहरात जमावाने एक गाडी पेटवून दिली.

जाळपोळीचे समर्थन आम्ही करणार नाही. आमचा मार्ग संविधानाचा आहे. पण शंकू ठेवणाऱ्यांचा सवाल रास्त होता. आमच्या रस्त्यावर आमच्याच जिवाचा प्रयोग मांडताना आम्हाला विचारले कोणी? या गाड्या बंबांच्या वाटेत आडव्या येतात, अशी खुद्द शहराच्या अग्निशमन दलाची तक्रार होती. तरीही १० ऑगस्ट २०२३ रोजी राज्याच्या आयोगाने तीन विरुद्ध एक मताने कंपन्यांना रात्रंदिवस पैसे घेऊन प्रवासी वाहतूक करण्याची मुभा दिली.

दोनच महिन्यांत त्याचे फळ दिसले. २ ऑक्टोबर २०२३ रोजी एका पादचारी स्त्रीला आधी माणूस चालवत असलेल्या गाडीने उडवले, ती क्रूझ कंपनीच्या विनाचालक गाडीपुढे पडली. ती गाडी थांबली आणि मग बाजूला होण्यासाठी पुन्हा निघाली. तिच्याखाली अडकलेली ती स्त्री सुमारे २० फूट फरफटत गेली. फरफटल्याची बाब कंपनीने तपास यंत्रणेला दिलेल्या अहवालात नव्हती. राज्याने तिचा परवाना निलंबित केला. तपासावर प्रभाव टाकण्यासाठी खोटा अहवाल दिल्याचे कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये कबूल केले आणि ५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

आणि टेम्पीच्या खटल्याचे काय झाले? २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असे सांगून टाकले. खटला भरला गेला तो स्टिअरिंगसमोर बसवलेल्या कर्मचाऱ्यावर. २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. ती कामावर असताना मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती, हा तिचा दोष खराच. पण प्रणाली बनवणारे, ब्रेकची सोय बंद ठेवणारे आणि गाडी रस्त्यावर आणणारे पिंजऱ्याबाहेरच राहिले. नफा वर जातो आणि गुन्हा खाली उतरतो, ही रीत आम्हाला नवी नाही.

याचा अर्थ आम्ही यंत्राचे वैरी आहोत असा नव्हे. गांधीवादाने यंत्राला दूषण दिले, तेव्हा बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्याचा समाचार घेतला होता. दोष यंत्राचा नसून ते ज्या समाजरचनेत वापरले जाते तिचा आहे, ही त्यांची भूमिका होती आणि तीच आमचीही आहे. यंत्र दारू पीत नाही, त्याला डुलकी लागत नाही. आपल्या गाड्यांमुळे पादचाऱ्यांना इजा होणारे अपघात माणसांच्या तुलनेत ९२ टक्के कमी आहेत, असे वेमोने २०२५ मध्ये स्वतःच्या अभ्यासातून मांडले आहे. हे खरे ठरले तर त्याचे स्वागतच करू. मात्र हिशेब कंपनीच्याच वहीतला असेल, तर तो तपासण्याचा अधिकार जनतेला हवा.

यातून एक आणखी खोल प्रश्न निघतो. कोणाचा जीव मोलाचा? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी जगभरातील लोकांना विचारले, की गाडीला दोघांपैकी एकालाच वाचवता येत असेल तर तिने कोणाला वाचवावे. सुमारे ४ कोटी उत्तरे आली आणि निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. समोर बेघर माणूस आणि कंपनीचा अधिकारी असेल, तर लोकांचा कल अधिकाऱ्याला वाचवण्याकडे होता. ज्या देशात आर्थिक विषमता जास्त, तिथे हा भेद अधिक तीव्र होता. मग जिथे विषमता श्रेणीबद्ध आहे, जिथे माणसाची किंमत जन्मावरून ठरवण्याची हजारो वर्षांची सवय आहे, तिथे बहुमताने यंत्र घडवले तर ते कोणाला चिरडेल? जर्मनीच्या नीती आयोगाने २०१७ मध्येच नियम घातला, की अटळ अपघातात वय, लिंग, शारीरिक वा मानसिक स्थिती अशा वैयक्तिक लक्षणांवरून माणसामाणसांत भेद करता येणार नाही. प्रत्येक माणसाचे मूल्य एकच, हे तत्त्व आमच्याकडे तर संविधानाच्या मुळाशीच आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात जाहीर केले, की चालकांचा रोजगार जाईल म्हणून विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही. रिक्षा, टेम्पो आणि टॅक्सीवर आमच्या वस्त्यांतली कितीतरी घरे चालतात. म्हणून या घोषणेचे आम्ही स्वागत करतो. पण मंत्र्याचा शब्द म्हणजे कायदा नव्हे! २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम २ ब घातले गेले. नवे संशोधन व नवनिर्मिती यांना चालना देण्यासाठी काही प्रकारच्या वाहनांना या कायद्याच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला आहे. तोंडाने दार बंद आणि कायद्याने फट उघडी, अशी ही स्थिती आहे.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे रोज सरासरी ९०. आम्ही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मयताच्या वारसांची कामे चालवतो. कलम १६६ च्या दाव्यात चालकाची निष्काळजी सिद्ध करावी लागते. पंचनामा असतो, साक्षीदार असतो, तरी मोलमजुरी करणाऱ्या विधवेची दमछाक होते. उद्या चालकच नसेल आणि सगळा पुरावा कंपनीच्या संगणकात असेल, तर ती कोणाची उलटतपासणी घेणार? दोष न दाखवता कलम १६४ खाली मिळणारे ५ लाख घेऊन तिने घरी बसायचे काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कलम २ ब खाली सूट देऊन अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणण्यापूर्वी त्या गावच्या, त्या वस्तीच्या लोकांची जाहीर सुनावणी झाली पाहिजे. अपघाताची जबाबदारी कायद्यानेच कंपनीवर टाकली पाहिजे. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात गाडीच्या वर्तनाचे उत्तरदायित्व परवानाधारक कंपनीवर ठेवले आहे. गाडीतील सर्व नोंदी तत्काळ पोलिसांच्या ताब्यात जाऊन वारसांना त्यांची प्रत मिळाली पाहिजे. आणि ज्यांचा रोजगार जाईल, त्यांच्या पोटाची सोय आधी झाली पाहिजे.

१९२४ चा वायकोमचा सत्याग्रह देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी होता. त्या हक्कावर संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने शिक्कामोर्तब केले. त्यात विहिरी आणि तलावांबरोबर रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्याचा पदपथावरील हक्क अनुच्छेद २१ चाच भाग असल्याचे सांगितले. जो रस्ता आमच्या बापजाद्यांनी लढून मिळवला, त्यावर आमच्या लेकरांना 'इतर वस्तू' समजणारे कोणतेही यंत्र आम्ही चालू देणार नाही. ज्याला या रस्त्यावर यायचे आहे, त्याने आधी माणूस ओळखायला शिकावे!