मंच त्यांचा, कॅमेरा त्यांचा. मग गाणे कोणाचे?

मुंबई-पुण्यातल्या छोट्या म्युझिक क्लबांत आता वस्त्यांमधली पोरेही गाऊ लागली आहेत. शे-दोनशे माणसांची खोली, अर्धवट अंधार आणि मंचावर आपल्या गल्लीची भाषा बोलणारा रॅप. कालपर्यंत या खोल्यांचे दार ज्यांच्यासाठी नव्हते, त्यांच्या हातात तेथे माईक येतो आहे. याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु त्या माईकसमोर एक कॅमेराही उभा असतो. त्या कॅमेऱ्यात साठलेले गाणे कोणाच्या मालकीचे, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आम्ही विचारतो आहोत.

काही रसिक म्हणतात, चित्रीकरणच बंद करा, लोक मोबाईल उंचावून धरतात आणि मागच्यांना मंच दिसत नाही. गैरसोय खरी आहे, पण बंदी हा त्यावरचा उपाय नाही. न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावरील सीबीजीबी या क्लबचे उदाहरण घ्या. १९७५ साली पॅट आयव्हर्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी तेथे व्हिडिओ कॅमेरा नेला. ती केबल टीव्हीच्या लोकांसाठी खुल्या असलेल्या विभागात काम करत होती. पुढे तिने एमिली आर्मस्ट्राँगसोबत वर्षानुवर्षे रात्री जागून, ज्यांना तेव्हा फारसे कोणी ओळखत नव्हते अशा बँडचे कार्यक्रम टिपले. २००६ साली क्लब बंद पडला आणि त्या जागेत पुढे कपड्यांचे दुकान आले. भिंती गेल्या, फिती राहिल्या. आज त्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत.

त्याच क्लबमध्ये डिसेंबर १९८२ मध्ये बॅड ब्रेन्स या बँडचे कार्यक्रम चित्रित झाले. वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय तरुणांचा हा बँड. हार्डकोर पंक हे गोऱ्या पोरांचे संगीत, असा समज आजही सांगितला जातो. त्या समजाला ते चित्रीकरण पुरून उरते. आम्ही तेथे होतो, आम्ही ते घडवले, याचा तो पुरावा आहे. ज्यांना इतिहासातून वगळले जाते, त्यांना पुराव्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आपल्या वस्त्या-वस्त्यांत रात्र रात्र चाललेल्या आंबेडकरी जलशांपैकी किती रात्री फितीवर आहेत? बहुतेक रात्री ऐकणाऱ्यांबरोबरच संपल्या. म्हणून आम्ही म्हणतो, चित्रीकरण झालेच पाहिजे. प्रश्न फक्त कोणाच्या हक्काने, एवढाच आहे.

आज काय होते? क्लब आपला कॅमेरावाला लावतो. गाणाऱ्याला मानधन जेमतेम प्रवासापुरते मिळते, कधी तेही मिळत नाही. चित्रफीत क्लबच्या खात्यावर चढते, त्याखाली क्लबचे नाव मोठे आणि गायकाचे बारीक. जातीवर बोट ठेवणारे कडवे कापून नाचण्याजोगा तुकडा तेवढा ठेवला जातो. गायकाने मूळ फीत मागितली की उत्तर येते, "तुमची प्रसिद्धीच होते आहे ना?" श्रम आमचे, मालकी त्यांची, वर उपकाराची भाषा! ही व्यवस्था आपल्याला नवी आहे काय?

कायदा मात्र वेगळेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकारांबरोबर सादर करणाऱ्यालाही हक्क दिला आहे. या कायद्यातील 'सादरकर्ता' या शब्दाच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर कसरती करणारा, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८अ नुसार सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण करण्याचा आणि ते लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क सादरकर्त्याचा आहे. तो पन्नास वर्षे टिकतो. कलम ३८ब म्हणते की त्याचे नाव दिले पाहिजे आणि त्याच्या कलेची प्रतिष्ठा जाईल अशी मोडतोड करता येणार नाही. श्रोत्याने स्वतःपुरते चित्रीकरण केले तर कलम ३९ त्याला सूट देते. क्लबची जाहिरात म्हणजे 'स्वतःपुरते' नव्हे. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी, सहीनिशी. आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. म्हणजे हक्क कागदावर आहे. नाही ती तो मागण्याची सवय.

क्लबवाले म्हणतील, जागेचे भाडे, दिवे, ध्वनियंत्रणा आणि कॅमेरा यांचा खर्च आम्ही करतो. मान्य आहे. मग खर्चाचा हिशेब मांडा आणि तो तिकिटातून वसूल करा. पण सभागृह भाड्याने देणारा वक्त्याच्या भाषणाचा मालक होत नाही, तसा मंच देणारा गाण्याचा मालक होत नाही.

आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. व्यवस्थेला प्रश्न विचारणारे गाणे गाणाऱ्यांना या राज्यात तुरुंग पाहावा लागला आहे. कबीर कला मंचाच्या कलावंतांचे उदाहरण समोर आहे. अशा वेळी श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर फिरणारा कॅमेरा म्हणजे केवळ सजावट राहत नाही. टाळ्या वाजवणारी मुलगी उद्या कुठल्या नोकरीसाठी मुलाखत देणार आहे, कुठल्या घरमालकाकडे खोली मागणार आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. कॅमेरा मंचाकडे असावा. श्रोत्यांकडे वळवायचा तर आधी विचारून.

म्हणून गाणाऱ्या साथींना आमचे सांगणे आहे. मंचावर चढण्याआधी एक पानी करार करा: फीत कोण वापरणार, कुठे, किती काळ, आणि उत्पन्न आले तर वाटा किती. न कापलेली मूळ प्रत त्याच आठवड्यात मागा आणि दोन ठिकाणी ठेवा. शक्य तर आपलाच एखादा मित्र कॅमेरा घेऊन उभा करा. आवाज मिक्सरवरून थेट घ्या, पण खोलीतही एक माईक ठेवा. लहान जागेत ड्रमचा आवाज मुळातच मोठा असल्याने मिक्सरमध्ये तो कमी घेतलेला असतो. ही कामे कठीण नाहीत. मात्र ती आपली आपणच करावी लागतील.

१९२० साली पैसे घेऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला 'केसरी' तयार नव्हता. बाबासाहेब दुसऱ्याच्या पानावर जागा मिळेल म्हणून थांबले नाहीत. त्यांनी स्वतःचे पत्र काढले. आज छापखान्याच्या जागी कॅमेरा आला आहे, आणि तो आपल्या पोरांच्या खिशात आहे. तेव्हा दुसऱ्याच्या खात्यावर आपले नाव बारीक अक्षरांत शोधत बसण्याचे आता काहीच कारण उरलेले नाही.

जय भीम!