बंद घराचा धनी कोण?
देवरीसारख्या महामार्गालगतच्या गावात घर ओस पडायला फार काही लागत नाही. भावाभावांची वाटणी अडली, पोरं नागपूर-रायपूरला गेली, की कवेलू एकेक करून खाली येतात. अशा पडक्या घराबाबत नगरपंचायत निदान नोटीस तरी काढू शकते. राज्याच्या १९६५ च्या नगरपरिषद-नगरपंचायत कायद्यानुसार धोकादायक इमारत मालकानं दुरुस्त करायची किंवा पाडायची. नाहीतर नगरपंचायत पाडणार आणि खर्च त्याच्याकडून वसूल करणार. (नोटीस घ्यायला दारात कुणी नसतं, ही वेगळी गोष्ट.) पण कर्ज थकलं म्हणून बँकेनं ताब्यात घेतलेल्या घराचं काय? २००२ च्या सरफेसी कायद्याचे नियम सांगतात, ताब्यातली मालमत्ता शहाण्या मालकासारखी सांभाळा. प्रत्यक्षात अनेकदा भिंतीवर नोटीस चिकटते, कुलूप लागतं आणि लिलावाला गिऱ्हाईक येईपर्यंत अंगणात गाजरगवत माजतं. अमेरिकेतल्या चुला व्हिस्टा शहरानं २००७ मध्येच अशा घरांची नोंदणी आणि देखभाल कर्ज देणाऱ्यांवर बंधनकारक केली. आपल्याकडे घरपट्टीची नोंदवही आहेच. तिच्यात एक रकाना वाढवा: घर बंद आहे का, ताबा कुणाचा, फोन कुणाला करायचा. आणि हे पावसाळ्याआधी करा.