वर्गातले मुके मूल

सावरगावाहून जाम नदी ओलांडली की पांढुर्णा. दोन्ही तीरांवर घरोघर मराठी बोलली जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच नदीत गोटमार होते, आणि तेवढ्यापुरते बाहेरच्या वृत्तपत्रांना आमचे स्मरण होते. एरवी येथील मुलांचे काय चालले आहे, हे विचारावयास कोणी फिरकत नाही.

सहा वर्षांचे मूल शाळेत जाते. तहान लागली म्हणून ते घरच्या बोलीत पाणी मागते. गुरुजी परमुलुखातून बदलून आलेले. त्यांना शब्द उमगत नाही, ते हसतात, आणि त्यांच्यामागून सारा वर्ग हसतो. त्यात दुष्टावा नसेलही. परंतु आईची भाषा म्हणजे चूक, हा त्या मुलाचा पहिला धडा ठरतो. मग ते उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. सकाळी शाळेच्या वेळी त्याचे पोट दुखू लागते. घरी ते हट्टी आणि वर्गात मुके होते. अशा मुलास 'मंद' ठरविणे सोपे असते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाड्याबरोबर सौंसर-पांढुर्णा मागे राहिले. त्याच दिवशी राज्यघटनेत ३५० अ हे कलमही आले : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर मारास व मानसिक छळास बंदी केली आणि मूल भयमुक्त असावे असे सांगितले. भाषेवरून होणारी टवाळी मानसिक छळात मोडत नाही, असे कोण म्हणेल?

हिंदीशी आमचे वैर नाही, हिंदी शिक्षकाशी तर नाहीच. तोही येथे उपराच असतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत. पुढे त्यांनीच आंतरभारतीची कल्पना मांडली : प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या. येथे येणाऱ्या शिक्षकाने मराठीची शे-दोनशे वाक्ये शिकली, मुलास नावाने हाक मारली, तरी त्या मुलाचे तोंड उघडेल.

आमच्या पालकांनाही एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. 'गुरुजी, हवे तर मारा, पण शिकवा,' असे म्हणून आपणच मुलाला भीतीच्या हवाली करतो. आणि पाहुण्यांदेखत त्याच्या मराठीची लाज बाळगणारेही आपल्यातच आहेत.

विलीनीकरणाची मागणी आम्ही सोडलेली नाही. परंतु पहिलीतले मूल त्या निकालाची वाट पाहत पहिलीत थांबत नाही. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. आता छिंदवाड्याकडे बोट दाखविण्याची सबबही उरली नाही. पांढुर्णा व सौंसर तालुक्यांतील ज्या शाळांत मराठी घरची मुले आहेत, तेथे पहिली-दुसरीच्या वर्गावर मराठी जाणणारा शिक्षक येत्या सत्रारंभापूर्वी नेमावा, आणि शाळाशाळांच्या पालकसभांनी ही मागणी लेखी स्वरूपात जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावी.