शेंकड्यांत मोजलेला हिंवताप

शिरोळ तालुक्यांतील एका गांवाच्या नांवांतच ‘सैनिक’ आहे: सैनिक टाकळी. अशा गांवच्या जवानास सरहद्दीवर हिंवताप जडून तो सेवामुक्त झाला, तर वैद्यकीय मंडळ त्याचें अपंगत्व शेंकड्यांत ठरवितें. आंकडा विसाच्या खालीं गेला कीं अपंगत्वाचें निवृत्तिवेतन सामान्यतः बुडालेंच. आम्ही विचारतों, मंडळ बसेल त्या दिवशीं ताप नसला, म्हणून रोग नाहीं काय? व्हायव्हॅक्स जातीचे जंतू यकृतांत दडून राहतात व महिन्यांनीं पुन्हां उठतात. भरतीच्या वेळीं नोंद नसलेला रोग सेवेमुळेंच जडला असें मानावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं धर्मवीर सिंग यांच्या खटल्यांत म्हटलें. न्यायालयानें कारणाबाबत दाखविलेलें औदार्य मंडळानें प्रमाणाबाबत कां दाखवूं नये? एका दिवसाची नाडी पुरे. वर्षांत ताप किती वेळां उलटला, तें मोजा!