ताप भावाला, गैरहजेरी बहिणीची

मागच्या पावसाळ्यात, पुण्यातल्या ज्या वस्तीत मी काम करते तिथे फ्लूची साथ होती. सकाळी अकराच्या सुमाराला गृहभेटींना निघाले, तर एका दारात सहावीतली मुलगी बसलेली. मांडीवर दुसरीतला भाऊ, अंग चांगलंच तापलेलं.

"शाळेत का नाही गेलीस?"

"याला ताप आहे."

"आणि तुला?"

"मला काय झालंय?" असं म्हणून ती माझ्याकडेच बघत राहिली.

तिची आई चार घरची धुणीभांडी करते. आदल्या दिवशी सकाळी तिने मुलाला तापाची गोळी दिली आणि शाळेत धाडलं. दुपारी गोळीचा असर उतरला. शाळेतून निरोप आला, घेऊन जा आणि बरा होईपर्यंत पाठवू नका. बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. पण आईचे त्या महिन्यात दोन खाडे आधीच झाले होते आणि तिसऱ्याला पैसे कापले जाणार होते. मग घरी थांबायला उरली कोण? मुलगी. हजेरीपटावर तिच्या नावापुढे नुसतं 'गैरहजर' लागलं. का, ते कुणी विचारलं नाही.

'आजारी मुलाला घरी ठेवा' हे पत्रक वस्तीत वाटलं होतं आम्हीच. मजकूर माझा होता.

सल्ला चुकीचा नाही. फ्लूचा विषाणू खोकताना, शिंकताना उडणाऱ्या थेंबांतून पसरतो. लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत ताप येतो. ताप दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच मूल दुसऱ्याला आजार देऊ शकतं आणि पुढे पाच ते सात दिवस, लहान मूल असेल तर त्याहूनही जास्त, देत राहतं. एका बाकावर तिघं-चौघं आणि पावसामुळे खिडक्या बंद, अशा वर्गात त्याला किती वेळ लागणार? म्हणून तापाची गोळी न देता पुरे चोवीस तास ताप नसेल, तेव्हाच मुलाला शाळेत पाठवावं. हे मी आजही सांगते.

पण घरी ठेवायचं म्हणजे कुणी तरी घरी राहायचं. कोणी? पत्रकात 'पालकांनी' असं लिहिलेलं असतं. 'पालक' शब्द पुल्लिंगी, काम मात्र स्त्रीलिंगी! आमच्या बैठकीत मी विचारलं, "मुलाच्या तापासाठी कुणाच्या नवऱ्याने खाडा केलाय?" बायका नुसत्या हसल्या.

ऑगस्ट २००९ मध्ये मी इथेच कॉलेजात होते. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. शाळा-कॉलेजं बंद झाली. तपासणीसाठी रांगा लागल्या, मास्क मिळेनात, रुमालात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या आल्या. तेव्हा शाळा बंद करणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण शाळा बंद झाल्या तरी आयांची कामं बंद झाली नव्हती. दुपारची खिचडी मात्र थांबली. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी शाळा बंद असताना सरकारने पोषण आहाराचं धान्य घरी दिलं. म्हणजे मनात आणलं तर ते जमतं. मग फ्लूमुळे शाळा आठवडाभर बंद ठेवायची वेळ आली, तर तेव्हाही ते मिळायला हवं.

खाड्याची भीती केवळ पैशाची नाही, ती मुलाच्या जिवाशी येते. फ्लूवरचं विषाणूरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं. "रविवारपर्यंत बघू" म्हणणाऱ्या आईचे ते तास कामावरच जातात. मूल जोरजोरात श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, ते पाणी पीत नसेल, गुंगीत असेल किंवा उतरलेला ताप परत चढला असेल, तर रविवारची वाट बघायची नाही. आणि तापात मुलांना ॲस्पिरिन द्यायची नाही. हे प्रत्येक गटात पाठ हवं.

लस आहे, पण ती दरवर्षी घ्यावी लागते. बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती द्यावी म्हणते. सरकारच्या मोफत लसीकरणात ती नाही आणि खाजगीत एका डोसला हजाराच्या पुढे पैसे पडतात. चार घरची कामं करणाऱ्या आईला 'लस घ्या' हा सल्ला कसा द्यायचा?

मैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकींच्या घरी कामाला बाई येते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण मूल आजारी असताना पगारी रजा मिळण्याचा हक्क त्यात नाही. तो मिळवण्यासाठी भांडायचंच आहे. पण तोवर आपल्या स्वयंपाकघरात तो लागू करायला कुणाची परवानगी लागते? साथीच्या महिन्यात मुलाच्या तापाचे चार दिवस, पैसे न कापता. आपण मोर्चात जे मागतो, ते घरी द्यायला सुरुवात करू.

दुसरं काम शाळेतलं. २००९च्याच शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असं ठरवलं. बहुतेक जणी तिथे सहीपुरत्या जातात. आता प्रश्न घेऊन जाऊ. नळाला पाणी आणि हात धुवायला साबण आहे का? वर्गाच्या खिडक्या उघडतात का? वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्याला बक्षीस कशाला, ताप अंगावर काढून आल्याबद्दल? आणि मोठी बहीण गैरहजर असेल, तर ती कुणासाठी घरी राहिली याची चौकशी कोण करतं?

याच पुण्यात १८९७ साली, प्लेगच्या साथीत, सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. मूल त्यांच्या घरचं नव्हतं. आपण तसबिरीला हार घालतो, आणि आजारी मुलाचा भार मात्र अकरा वर्षांच्या मुलीच्या मांडीवर ठेवून मोकळ्या होतो.

मी पत्रक पुन्हा लिहिलं. 'पालकांनी' काढून 'आई किंवा वडिलांनी' केलं आणि खाली ओळ घातली: 'मोठ्या मुलीची शाळा बुडवू नका.' गृहभेटीच्या नोंदवहीत 'ताप किती दिवस' या रकान्याशेजारी एक नवा रकाना आखला आहे, 'घरी कोण थांबलं?' तुमच्या गटाच्या वहीतही तो आखा. साथ ओसरली की आपण वह्या घेऊन एकत्र बसू, आणि तो हिशेब महापालिकेपुढे ठेवू.