गाडी जुनी झाली म्हणून ऑईल जाड?

“एक लाख ऐंशी हजार झाले ना? मग आता वीस-पन्नास टाका. इंजिन झिजलं की फटी वाढतात, पातळ ऑईल त्यात टिकत नाही.”

माझ्या छोट्या टर्बो डिझेल गाडीबद्दल हे सांगणारे मिस्त्री तीस वर्षं या धंद्यात आहेत. सल्ला मनापासून होता. त्यात माल खपवण्याचा डाव नव्हता, उलट वीस-पन्नासचा डबा स्वस्तच पडला. गाडी दोन हजार किलोमीटरमागे लिटरभर ऑईल खात होती, मी कंटाळलो होतो, मान डोलावली. पुढच्या डिसेंबरात साताऱ्याच्या थंडीत सकाळी साडेसहाला स्टार्टर मारला की इंजिनाच्या पुढच्या अंगाने, टायमिंग चेन असते तिथून, डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट यायला लागला. दोन सेकंद, कधी तीन. ऑईलचा लाल दिवाही पूर्वीपेक्षा रेंगाळून विझायचा. आणि ऑईल खाणं? पहिला महिना कमी झालं, मग होतं तिथे आलं.

त्या दोन-तीन सेकंदांत वरच्या भागात ऑईल पोचलेलं नसतं. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो, टॅपेट त्याच्यावरच भरतात, आणि टर्बोचा दांडा तर ऑईलच्या पापुद्र्यावर तरंगतो. एवढं असूनही “जुनी गाडी, जाड ऑईल” हे सूत्र आपल्याकडे म्हणीसारखं चालतं. ते चूक आहे असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. मात्र चूक दाखवण्याआधी त्यामागचा विचार नीट मांडायला हवा, कारण तो अडाणीपणातून आलेला नाही.

त्या पक्षाचं म्हणणं असं. वापराने बेअरिंग आणि बोअर झिजतात, फटी रुंदावतात. रुंद फटीतून पातळ ऑईल लवकर निसटतं, दाब उतरतो, धातूला धातू लागतो. जाड ऑईल फट भरून काढतं, दाब वर येतो, आवाज बसतो, धूर कमी होतो. शिवाय आपल्याकडे बर्फ पडत नाही, मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळिशी गाठतो. मग युरोपातल्या थंडीसाठी केलेलं “फाईव्ह डब्ल्यू” आपल्याला कशाला? आणि कंपन्या पातळ ऑईल सांगतात ती ॲव्हरेजचे सरकारी नियम पाळण्यासाठी, इंजिन टिकावं म्हणून नव्हे.

या मांडणीत खरं आहे, आणि ते खरं एका काळाचं आहे. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जुन्या इंजिनांत टर्बो नव्हता, तेव्हाची साधी खनिज तेलं तापली की पाण्यासारखी व्हायची. त्या इंजिनांवर हात बसलेल्या पिढीने जे शिकलं ते बरोबरच शिकलं. घोळ झाला तो तेच ज्ञान पुढच्या इंजिनांना जसंच्या तसं लावल्याने.

सगळ्यात मोठा गैरसमज डब्यावरच्या आकड्यांचा आहे. ५डब्ल्यू-४० यातला “५डब्ल्यू” म्हणजे ऑईल पातळ, असं अनेकांना वाटतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. तो आकडा फक्त गार ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो. दुसरा आकडा तापलेल्या ऑईलचा. शंभर अंशांवर “४०” म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स, मग पुढे ५डब्ल्यू असो की १५डब्ल्यू. म्हणजे गरम इंजिनात ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० यांचा दाटपणा एकाच पट्ट्यात बसतो. फरक पडतो तो सकाळी.

“आपल्याकडे कुठे बर्फ पडतो” याचं उत्तर इथेच आहे. कराड-कोल्हापूरकडे ज्यांच्या घरात काकवीची बरणी असते त्यांना हे सांगायला नको. दुपारी चमच्यावरून सरसर ओघळणारी काकवी थंडीच्या सकाळी बरणी उलटी केली तरी पडता पडत नाही. तिथेही बर्फ नसतो. नेहमीचं ५डब्ल्यू-४० आणि नेहमीचं २०डब्ल्यू-५० घेऊन मी हिशेब मांडला. शंभर अंशांवर वीस-पन्नास साधारण सव्वा ते दीडपट दाट असतं. पंधरा अंशांवर, म्हणजे साताऱ्यातल्या हिवाळी सकाळी, ते अडीचपट दाट होतं. गरम इंजिनाला थोडासा जाडपणा मिळावा म्हणून गार इंजिनावर आपण अडीचपट ओझं टाकतो, आणि रोज ऑफिसला आठ किलोमीटर जाणाऱ्या गाडीचा बराचसा जन्म गार इंजिनावरच जातो.

दाबाबद्दलही तसंच. मीटरचा काटा वर गेला की आपल्याला बरं वाटतं. पण काटा प्रवाह मोजत नाही, अडथळा मोजतो. दाट ऑईल पुढे सरकायला नाखूश असतं म्हणून पंपाच्या तोंडाशी दाब वाढतो. तो ठरावीक हद्दीपलीकडे गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादाचं ऑईल पुढे न जाता तिथल्या तिथे चेंबरकडे परत वळतं. काटा समाधानी, टर्बो उपाशी.

टर्बोविषयी जरा थांबून बोललं पाहिजे, कारण “टर्बो आहे, त्याला तर जाडच लागतं” हे मी सुशिक्षित माणसांकडूनही ऐकलंय. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशाम्प टॉवर हा अभियंता रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगच्या वरच्या बाजूला त्याने तेल घालण्यासाठी भोक पाडलं, तर फिरत्या दांड्याने तेल त्या भोकातून उलटं वर ढकललं. त्याने बूच मारलं. तेलाने बूच बाहेर काढलं. दाबमापक लावल्यावर कळलं की फिरणारा दांडा स्वतःच तेल पाचरीसारखं ओढून घेतो आणि त्या पाचरीच्या दाबावर उचलला जातो. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित बसवलं. त्याचा मतलब इतकाच की पापुद्रा किती जाड राहील हे तेलाचा दाटपणा आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारावर ठरतं, आणि भार वाढला की तो कमी होतो.

आता हे टर्बोला लावून पाहा. बोटाएवढा दांडा, भार किरकोळ, वेग मिनिटाला लाखाच्या वर, काही छोट्या टर्बोंत दोन लाखांपर्यंत. इतक्या वेगाला पाचर तयार व्हायला जाड तेलाची गरजच नाही. टर्बोचं दुखणं वेगळं आहे. त्याला तेल वेळेवर हवं आणि भरपूर हवं, कारण कित्येक छोट्या डिझेल गाड्यांत त्याच्या बेअरिंगची उष्णता वाहून नेणारं दुसरं काही नसतं. तिथे पोचणारी नळी बारीक असते, तिथून परतणारी नळी केवळ उतारावर चालते, पंप नसतो. जाड ऑईल दोन्ही नळ्यांत मागे पडतं. जाडपणा कुणाला हवा असेल तर खाली क्रँकच्या बेअरिंगना: पाच माणसं आणि सामान घेऊन कुंभार्ली घाट चौथ्या गिअरमध्ये रेटताना, कमी आरपीएम आणि पूर्ण भार असताना. म्हणजे ज्याच्या नावाने जाड ऑईल टाकलं जातं त्याला ते नको असतं.

त्या खालच्या बेअरिंगांसाठी जे मोजलं पाहिजे ते डब्याच्या दर्शनी भागावर नसतंच. दीडशे अंश तापमानात, प्रचंड वेगाने घासलं जात असताना ऑईलमध्ये किती दाटपणा उरतो, ही ती कसोटी. “३०” ला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद, ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५. पण युरोपच्या एसीईए वर्गवारीत सी३ शिक्का मिळवणाऱ्या ५डब्ल्यू-३० लाही किमान ३.५ गाठावंच लागतं, तर ए५/बी५ शिक्क्याचं ५डब्ल्यू-३० मुद्दाम त्याच्या खाली ठेवलेलं असतं. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले हे दोन डबे, दोन्हींवर ५डब्ल्यू-३०, आणि घाटात त्यांची वागणूक वेगळी. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतला तो शिक्का वाचल्याशिवाय डबा घेऊ नये. बीएस-६ डिझेलला तर हा शिक्का आणखीच जपावा लागतो, कारण कमी राखेचं ऑईल नसेल तर सायलेन्सरमधली काजळीची जाळी भरत जाते.

आणि ॲव्हरेजचा आक्षेप? तो मला निम्मा मान्य आहे. पुस्तिकेतलं सगळ्यात पातळ ऑईल सर्वांत वर छापण्यामागे इंधनाचे नियम असतात, आणि वय झालेल्या टर्बो गाडीत तेच धरून बसण्याचा हट्ट मी करणार नाही. फियाटच्या १.३ मल्टिजेटचंच पाहा, जे आपल्या रस्त्यांवर कितीतरी बॉनेटांखाली आहे: युरोपात त्याला ५डब्ल्यू-४० सांगितलं गेलं, काजळीची जाळी आल्यावर ५डब्ल्यू-३०. इंजिन तेच, ऑईल दोन. आपल्याकडच्या कित्येक दणकट टर्बो जीपना कंपनीनेच १५डब्ल्यू-४० दिलं आहे आणि त्या ते सुखाने पितात. तेव्हा माझा पक्ष “पातळ तेच चांगलं” असा नाही.

माझा पक्ष असा की गाडीचं वय हे ऑईल जाड करण्याचं कारणच नव्हे. पहिला आकडा वाढवायचा नाही, कधीच नाही. पुस्तिकेत ५डब्ल्यू असेल तर ५डब्ल्यू, हवं तर ०डब्ल्यू. दुसरा आकडा ३० वरून ४० वर न्यायला हरकत नाही, पण पुस्तिकेचा तक्ता परवानगी देत असेल आणि नेण्याला मोजलेलं कारण असेल तेव्हाच. मोजलेलं म्हणजे दिव्यावरून नव्हे. ऑईल प्रेशर स्विच काढून तिथे साधा यांत्रिक गेज लावायचा, गाडी अर्धा तास पळवून इंजिन पूर्ण तापवायचं आणि आयडलवर दाब बघायचा. कंपनीच्या आकड्याच्या खाली असेल तर बेअरिंग झिजलं हे म्हणणं खरं. नसेल तर फटी रुंदावल्याची गोष्ट त्या गाडीपुरती ऐकीव आहे.

ज्याची टॅक्सी रोज पोट भरते आणि ज्याच्याकडे इंजिन खोलायला पैसे नाहीत, त्याने गेजवर दाब पडलेला पाहून जाड ऑईलवर आणखी सहा महिने काढले तर मी त्याला नावं ठेवणार नाही. ती घेतलेली मुदत आहे, हे त्यालाही ठाऊक असतं. पण गेज न लावता, इंजिनाच्या पोटातली वाफ सोडणारा ब्रीदर न उघडता, डिपस्टिकला डिझेलचा वास येतो का हे न पाहता थेट डबा बदलणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर काढणं आहे. जुनी टर्बो गाडी ऑईल खाते त्याची कारणं बहुतेक वेळा ठरलेली: कडक झालेले व्हॉल्व्ह सील, कार्बनने अडकलेल्या रिंगा, तुंबलेला ब्रीदर, टर्बोची चोंदलेली परतीची नळी. टर्बोचं सील रबराचं नसतं, पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक लोखंडी कडी असते. उतार मोकळा आहे तोवरच ती ऑईल आत ठेवू शकते. उतार चोंदला की ऑईल दोन्ही बाजूंनी बाहेर पडतं. त्यात ऑईल जाड असेल तर उतरायला आणखी वेळ.

माझ्या गाडीत तेच निघालं. दुसऱ्या एका मिस्त्रींनी आधी गेज लावला. दाब व्यवस्थित होता. मग ब्रीदर उघडला, काळ्या लोण्यासारख्या गाळाने भरलेला. शेवटी त्यांनी टर्बोखालची परतीची नळी काढून माझ्या हातात दिली. अंगठा जाईल एवढी नळी, आणि आत करंगळीही जाईना. स्क्रू ड्रायव्हरने खरवडल्यावर डांबरी रस्त्याच्या कडेला सुटतात तसे काळे, ठिसूळ तुकडे वर्तमानपत्रावर पडले. घाट चढून आल्या आल्या चावी फिरवून इंजिन बंद करण्याची माझी वर्षानुवर्षांची सवय त्या कागदावर पडली होती: दांडा तापलेला असताना ऑईलचा प्रवाह थांबतो आणि तिथे उरलेलं ऑईल जळून खडा होतं.

नळी साफ केली, ब्रीदर बदलला, पुस्तिकेच्या तक्त्यात बसणारं ५डब्ल्यू-४० भरलं आणि ऑईल बदली दहा हजारांऐवजी साडेसात हजारांवर आणली. घाटानंतर आता मिनिटभर आयडलवर ठेवतो. या जानेवारीत सकाळी स्टार्टर मारला की लाल दिवा लगेच विझतो, चेनचा आवाज येत नाही. गेल्या पाच हजार किलोमीटरमध्ये डिपस्टिकवरची खूण नखभर खाली आली आहे. पहिल्या मिस्त्रींना मी ते काळे तुकडे काडेपेटीत घालून दाखवायला नेले. त्यांनी एक तुकडा चिमटीत धरून चुरगळून पाहिला, हात पुसले, आणि गॅरेजमध्ये जाड ऑईल भरायला आलेल्या एका गाडीचा ब्रीदर उघडायला पोराला सांगितलं.