बेटावरचे पाहुणे

पाहुणा म्हणून कोणाच्या घरी गेल्यावर तेथील वस्तू विचारल्यावाचून उचलू नये, असे आपणांस लहानपणीच शिकविले जाते. परंतु अरण्यात किंवा समुद्रकिनारी गेलेला मनुष्य ही शिकवण सहज विसरतो. मीही ती विसरलो होतो. सेवानिवृत्तीनंतर अंदमानास गेलो असता एका नावाड्याने मला तिचे स्मरण करून दिले.

अंदमान व निकोबार हा बंगालच्या उपसागरातील पाचशेहून अधिक लहानमोठ्या बेटांचा समूह आहे. स्वातंत्र्यवीरांच्या कारावासामुळे तो आपणांस पूज्य आहेच. पण तेथील निसर्गही तितकाच आदरास पात्र आहे. तेथील अरण्यात गर्जन आणि पडौक यांसारखे वृक्ष आभाळाकडे झेपावलेले दिसतात. काहींची मुळे फळ्यांप्रमाणे खोडाभोवती पसरून त्यांस आधार देतात. भर दुपारीही खाली मंद उजेड असतो.

वंडूर येथे १९८३ साली महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्यातील जॉली बॉय बेटावर आम्ही काचेच्या तळाच्या नावेतून प्रवाळ पाहिले. ते दगडांसारखे दिसतात, परंतु ती असंख्य चिमुकल्या जीवांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते व सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यांस पुरविते. पाणी फार काळ तापले, की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. अंदमानात २०१० साली असेच घडले होते. अरण्य तोडले, तर पावसाने वाहून आलेली माती समुद्रात जाऊन प्रवाळांचा प्रकाश हिरावून घेते. म्हणजे डोंगरावरचा वृक्ष आणि पाण्याखालचा प्रवाळ हे एकमेकांचे शेजारीच होत!

त्या किनाऱ्यावर मला एक सुंदर, रिकामा शंख सापडला. नातवासाठी म्हणून मी तो खिशात घातला. नावाडी नम्रपणे म्हणाला, “बाबूजी, तो ठेवून द्या. ते कोणाचे तरी घर होणार आहे.” त्याने बोट दाखविले, तेथे एक खेकडा पाठीवर शंख घेऊन चालला होता. या खेकड्याचे पोट मऊ असते, म्हणून तो रिकाम्या शंखात राहतो आणि मोठा झाला, की मोठा शंख शोधतो. मी ओशाळलो. सारे आयुष्य मुलांना शिकविण्यात घालविलेल्या मला त्या नावाड्याने एका वाक्यात धडा दिला होता. मी शंख वाळूवर ठेवला.

एका शंखाने असे काय बिघडते, असे कोणी विचारील. एकाने बिघडत नाही, हे खरे. पण प्रत्येक प्रवासी असेच म्हणू लागला, तर किनारा ओस पडेल. मग प्रवाशांनी तेथे जाऊच नये काय? तेही मला पटत नाही. जे आपण पाहिलेच नाही, त्याविषयी आपणांस जिव्हाळा कसा वाटेल? शिवाय त्या नावाड्याचा उदरनिर्वाह प्रवाशांवरच चालतो. म्हणून जावे अवश्य; पण पाहुण्याच्या मर्यादेने जावे. प्रवाळावर पाय देऊ नये, प्राण्यांस खाऊ घालू नये, कचरा मागे ठेवू नये. जॉली बॉयवर प्लॅस्टिक टाकण्यास बंदी आहे. असा नियम करावा लागतो, ही आपल्यासाठी भूषणाची गोष्ट नव्हे.

त्यासाठी अंदमानासच जावयास हवे, असेही नाही. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तुम्ही तेथे जाल, तेव्हा एखादा शंख तुम्हांलाही मोह घालील. तो हातात घ्या, डोळे भरून पाहा आणि होता तेथेच ठेवा. मी नातवासाठी शंख आणला नाही. त्याची गोष्ट तेवढी आणली. ती मात्र त्याने पुन्हापुन्हा सांगावयास लावली.